पक्षिनिरीक्षण, महाराष्ट्रातील

पक्ष्यांना न पकडता व न मारता, त्यांच्या नैसर्गिक परिसरात त्यांचे रंगरूप, आवाज, हालचाली, अन्न, घरटी आणि स्थलांतर यांचे पद्धतशीर अवलोकन करून त्याची नोंद ठेवण्याचा छंद व अभ्यास. पक्षिविज्ञान ही प्राणिविज्ञानाची शाखा असून तिच्यासाठी विशेष शिक्षणाची गरज असते. पक्षिनिरीक्षण मात्र कोणत्याही वयाच्या व व्यवसायाच्या व्यक्तीस करता येते. त्याची अंगे दोन : पक्षी ओळखणे हे पहिले आणि कोणता पक्षी, कोठे, केव्हा व किती संख्येने दिसला हे लिहून ठेवणे हे दुसरे. पहिल्या अंगातून आनंद मिळतो, दुसऱ्यातून ज्ञान साठते. महाराष्ट्रातील पक्षिनिरीक्षणाच्या सु. दोन शतकांच्या इतिहासात दुर्मिळ पक्ष्यांकडे विशेष लक्ष दिले गेले. नेहमीच्या पक्ष्यांची नोंद किती मोलाची असते, हे ते कमी होऊ लागल्यावर लक्षात आले.

पूर्वपीठिका : पक्ष्यांची ओळख महाराष्ट्रातील जनजीवनास नवी नाही. शेतकरी, धनगर, कोळी आणि पारधी यांचे पक्ष्यांविषयीचे ज्ञान व्यवसायातून आलेले होते. जाळी व फासे लावून तित्तिर आणि लावे धरणाऱ्यास त्यांची चरण्याची वेळ, रात्रीचा आसरा व साद यांची बारकाईने माहिती असावी लागे. पावसाळ्याच्या तोंडावर ओरडणाऱ्या पावशाच्या सादेत शेतकऱ्यास ‘पेरते व्हा’ असे शब्द ऐकू येतात. टिटवीचे ओरडणे अशुभ, तर भारद्वाजाचे दर्शन शुभ मानले जाते. असे संकेत शास्त्रीय दृष्ट्या निराधार असले, तरी त्यांच्यामुळे पक्ष्यांची नावे व आवाज पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिले. अनेक मराठी नावांत पक्ष्याची ओळखण्याची खूणच सामावलेली आहे. शेपटी सतत खालीवर आपटणारा तो धोबी, पाने शिवून घरटे करणारा तो शिंपी, सहा-सातांच्या टोळीने फिरणारे ते सातभाई आणि तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे ठोके पडावेत तसा ‘टुक टुक’ आवाज काढणारा तो तांबट. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतील ठोके ज्याने ऐकले आहेत, त्यास या नावाची समर्पकता वेगळी सांगावी लागत नाही.

संस्कृत वाङ्‌मयातही पक्ष्यांची वर्णने विपुल आहेत. हंसदेव याच्या मृगपक्षिशास्त्र या ग्रंथात पशुपक्ष्यांचे प्रकार व स्वभाव वर्णिले असून त्याचा मराठी अनुवाद झालेला आहे. तथापि या सर्व ज्ञानात स्थळ, दिनांक व संख्या यांची लेखी नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे एखाद्या प्रदेशात पूर्वी कोणते पक्षी किती होते, हे त्यावरून ठरविणे कठीण जाते.

संग्राहकांचा काळ : दख्खनमधील पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने केली. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याची दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीच्या कामावर नेमणूक केली होती. लोकसंख्या, जमीन, पिके व हवामान यांची माहिती गोळा करीत असतानाच त्याने पशू, पक्षी व मासे यांचेही नमुने जमविले. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेच्या कार्यवृत्तात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध झाली. तीत सु. २३६ जातींचा समावेश होता.

या सूचीतील पुष्कळ जाती विज्ञानास नव्या होत्या. त्यांपैकी काही आज पुणेकरांच्या रोजच्या पाहण्यातील आहेत. मुठेच्या पात्रात निश्चल उभी राहणारी ढोकरी किंवा वंचक (आर्डिओला ग्रायी), बागेतील झुडपांत शेपटी उभारून फिरणारा राखी वटवट्या (प्रिनिया सोशॅलिस) आणि माळावरील गवतात आढळणारा साधा वटवट्या (प्रिनिया इनॉर्नाटा) यांची शास्त्रीय वर्णने प्रथम साइक्सनेच केली. दख्खनच्या माळरानावरील एका चंडोलास त्याने ‘देवा’ व एका वटवट्यास ‘रामा’ अशी जातिवाचक नावे दिली आणि ती आजही प्रचारात आहेत. सर्वसामान्य वाटणाऱ्या पक्ष्याकडेही कोणी तरी प्रथम लक्षपूर्वक पाहिलेले असते, याची ही नावे साक्ष देतात.

त्या काळी पक्षी ओळखण्याचे मुख्य साधन बंदूक हे होते. प्रभावी दुर्बिणी व सचित्र मार्गदर्शक पुस्तके उपलब्ध नसल्यामुळे पक्षी मारून, त्याचे कातडे भरून व मोजमापे घेऊनच त्याची जात ठरवावी लागे. टॉमस जेर्डन याचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ (१८६२–६४) आणि ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने काढलेले स्ट्रे फेदर्स हे नियतकालिक यांचा आधार अशा संग्रहांचाच होता. अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मिशनरी सॅम्युएल फेअरबँक आणि दक्षिण कोकणात काम केलेले मुलकी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हायडल यांनी या नियतकालिकात आपापल्या भागांतील पक्ष्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. महाराष्ट्राच्या पक्षिसृष्टीचे एकोणिसाव्या शतकातील चित्र उभे करण्यासाठी या याद्यांचाच आधार घ्यावा लागतो.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचेही संस्थापक होत. समाजसुधारणेच्या चळवळीतील व्यक्तीस सृष्टीच्या अभ्यासाचेही महत्त्व वाटावे, ही त्या काळाच्या ज्ञानविषयक ओढीची खूण होय. संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले आणि निरीक्षकांच्या फुटकळ नोंदींनाही स्थायी स्वरूपात जतन होण्याची सोय झाली.

बंदुकीकडून दुर्बिणीकडे : जिवंत पक्ष्याचे निरीक्षण हेच अभ्यासाचे साधन मानण्याची प्रवृत्ती यूरोपात अठराव्या शतकात दिसू लागली. इंग्लंडमधील सेल्बर्न या खेड्याचा धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट याने दिसण्यात जवळजवळ सारख्या असणाऱ्या तीन पर्णवटवट्यांतील भेद त्यांच्या गाण्यावरून ओळखला. त्याचा ग्रंथ १७८९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९०० साली अमेरिकेत नाताळात पक्ष्यांची शिकार करण्याच्या प्रथेऐवजी त्यांची गणना करण्यास आरंभ झाला, तर १९०१ मध्ये एडमंड सेलस याच्या पुस्तकाने ‘बर्ड वॉचिंग’ ही संज्ञा रूढ केली. रॉजर टोरी पीटरसन याच्या १९३४ मधील मार्गदर्शक पुस्तकात प्रत्येक पक्ष्याच्या नेमक्या ओळखखुणा बाणांनी दाखविलेल्या होत्या. त्यामुळे पक्षी हाती न घेता दुरूनच ओळखणे सामान्य वाचकास शक्य झाले.

महाराष्ट्रात या दिशेने पहिले पाऊल एडवर्ड हॅमिल्टन एटकेन (१८५१–१९०९) याने टाकले. ‘एहा’ या नावाने लिहिणाऱ्या या लेखकाचा जन्म सातारा येथे झाला व त्याने काही काळ पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात लॅटिनचे अध्यापन केले. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरील त्याचे पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. घराच्या व्हरांड्यातून दिसणारा कावळा, घार व चिमणी हेही लेखनाचे विषय होऊ शकतात, हे त्याने दाखवून दिले.

या परंपरेस शास्त्रीय बैठक सालिम अली (१८९६–१९८७) यांनी दिली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या चिमणीची ओळख पटविण्यासाठी ते वरील संस्थेत गेले आणि तेथील भरलेल्या पक्ष्यांच्या संग्रहाने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यांच्या कार्याचे मर्म मात्र कोकणातील किहीम येथील अभ्यासात अधिक स्पष्ट होते. १९३० मध्ये अलिबागजवळच्या या गावी राहत असताना त्यांनी एका झाडावरील सुगरणींच्या वसाहतीचे रोज तासन्‌तास निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून स्वीकारते, त्यानंतर नर ते पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या घरट्याच्या व दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, असा क्रम त्यांना आढळला. १९३१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मारलेल्या सुगरणींच्या कितीही कातड्यांवरून ही माहिती मिळाली नसती. एक झाड, एक वही व चिकाटी एवढ्या साधनांवर ती मिळाली.

१९४१ मध्ये त्यांचे द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात पक्ष्याचे आकारमान चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार अशा परिचित पक्ष्यांशी तुलना करून सांगितलेले आहे. भारतीय वाचकास या मापांसाठी फूटपट्टीची गरज भासत नाही. पुढे १९६८ ते १९७४ या काळात डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंड सिद्ध केले. जाफर फतेहअली यांनी १९५९ मध्ये मुंबईहून सुरू केलेल्या पक्षिनिरीक्षकांच्या वार्तापत्रामुळे गावोगावच्या हौशी निरीक्षकांस आपल्या नोंदी छापण्यास हक्काची जागा मिळाली. वन्यजीव संरक्षण अधिनियम (१९७२) संमत झाल्यावर हौसेखातर पक्षी मारून संग्रह करण्याचा काळ संपला.

नोंदीची सत्यता : पक्षिनिरीक्षणाची सारी इमारत निरीक्षकाच्या प्रामाणिकपणावर उभी असते. महाराष्ट्रातील रानपिंगळ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ह्यूमने १८७३ मध्ये वर्णन केलेल्या या लहान घुबडाचे मोजकेच नमुने उपलब्ध होते आणि त्यांपैकी शेवटचा १८८४ मध्ये खानदेशातून मिळालेला होता. मात्र रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात १९१४ मध्ये गुजरातेत मिळविल्याची चिठ्ठी असलेला आणखी एक नमुना होता. त्यावर विसंबून झालेले शोध निष्फळ ठरले आणि हा पक्षी नामशेष झाला असावा, असे मानले जाऊ लागले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिवैज्ञानिकेने तपासणी केली असता तो नमुना जुन्या संग्रहातून चोरून, पुन्हा भरून व खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला असल्याचे निष्पन्न झाले. खोटी नोंद बाजूला सारून तिने व तिच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये सध्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला आढळला. पुढे मेळघाटासह अन्य ठिकाणीही तो दिसून आला. एका खोट्या चिठ्ठीने शोध भलतीकडे नेला आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या खऱ्या नोंदींनी तो मार्गावर आणला.

पुणे व नारायण पेठ : पुणे शहर सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्याच्या व दख्खनच्या कोरड्या माळाच्या सीमेवर वसलेले असल्याने येथे दोन्हींकडील पक्षी आढळतात. वेताळ टेकडीवरील झुडपी रान, पाषाण तलाव, एम्प्रेस गार्डन, सिंहगडचा परिसर, मुळा-मुठेवरील कवडीपाट आणि उजनी जलाशयाच्या फुगवट्यावरील भिगवण ही येथील निरीक्षकांची परिचित ठिकाणे होत. भिगवण येथे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. तथापि नवशिक्यास इतके दूर जाण्याची गरज नाही, हे नारायण पेठेसारख्या गजबजलेल्या वस्तीवरूनही दिसून येते.

नारायणराव पेशव्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पेठ मुठेच्या काठी आहे. जुन्या काळी येथील वस्ती प्रामुख्याने वाड्यांची होती. लाकडी वासे, कौलांखालील वळचण, भिंतींतील कोनाडे, चौकात पाखडले जाणारे धान्य आणि परसातील पेरू, आवळा व औदुंबर यांमुळे वाडा हा माणसांप्रमाणेच चिमणी, पारवा, पिंगळा व साळुंकी यांचाही निवारा असे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांची मोठी हानी झाली आणि अनेक वाडे कोसळले. पुढील दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागीही सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. गुळगुळीत भिंतींत चिमणीस घरट्यासाठी फट सापडत नाही. गच्चीच्या व वातानुकूलन यंत्राच्या कठड्यावर पारवा मात्र सुखाने नांदतो. पेठेतील पक्षिजीवनात झालेला बदल असा घरबांधणीच्या इतिहासाशी निगडित आहे.

नदीचेही तसेच आहे. लकडी पूल, भिडे पूल किंवा काकासाहेब गाडगीळ पूल यांवर उभे राहिले असता पात्रातील ढोकरी, छोटा बगळा, पाणकावळा, खंड्या, टिटवी, शेकाट्या आणि ‘हळदी-कुंकू’ या सुरेख नावाचे बदक यांपैकी काही पक्षी दिसू शकतात. हिवाळ्यात पांढरा धोबी व तुतारी हे उत्तरेकडील पाहुणे काठच्या चिखलात चरताना आढळतात. पाण्यातील सांडपाण्याचे प्रमाण वाढले की मासे व स्वच्छ पाण्यातील जीव यांवर जगणारे पक्षी कमी होतात. याउलट गाळातील अळ्या व किडे टिपणाऱ्या शेकाट्यासारख्या पक्ष्यांची गर्दी वाढते. म्हणून पक्ष्यांची संख्या अधिक दिसली, तरी नदीची प्रकृती उत्तम आहे असा अर्थ होत नाही. कोणते पक्षी आहेत हे पाहावे लागते. पुण्यातील प्रकाश गोळे यांनी १९८० च्या सुमारास मुळा-मुठेतील पक्ष्यांचा या दृष्टीने अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. त्यांनी १९८२ मध्ये ‘इकॉलॉजिकल सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. किरण पुरंदरे यांचे मुठेवरचा धोबी हे पुस्तक याच नदीच्या परिसरातील पक्ष्यांविषयी आहे.

ओळखण्याची पद्धत : नवशिक्याने प्रथम आपल्या घराच्या परिसरातील वीस-पंचवीस पक्षी पक्के ओळखावेत. चिमणी (सु. १५ सेंमी.), बुलबुल (सु. २० सेंमी.), साळुंकी (सु. २३ सेंमी.), कावळा (सु. ४३ सेंमी.) व घार (सु. ६१ सेंमी.) ही मापे डोळ्यांत बसली की अनोळखी पक्ष्याचे आकारमान ठरविता येते. त्यानंतर चोच, शेपटी, पाय, उडण्याची ढब, बसण्याची जागा व आवाज या क्रमाने पाहावे. रंग सर्वांत ठळक असला, तरी तो सर्वांत फसवाही असतो. कारण प्रकाश, वय, लिंग व ऋतू यांनुसार तो पालटतो.

याची उदाहरणे पेठेतच सापडतात. बसलेली ढोकरी मातकट व रेघारेघांची दिसते, परंतु उडताच तिचे पांढरेशुभ्र पंख उघडतात व दुसराच पक्षी उडाल्याचा भास होतो; विणीच्या हंगामात तिची पाठ गडद तांबूस होते. कोकिळाचा नर काळा, तर मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके व पट्टे असतात. वसंतात ‘कुहू’ अशी साद घालणारा पक्षी नर असतो; बोली व काव्य यांत मात्र ती साद कोकिळेची म्हणून रूढ झाली आहे. जास्वंदीवर भिरभिरणारा जांभळा शिंजीर विणीच्या काळात झळझळीत जांभळा-काळा असतो. तो काळ सरल्यावर त्याचा पोटाकडील भाग पिवळसर होतो आणि छातीवर केवळ एक काळसर रेघ उरते. घार दोन टोकांत विभागलेल्या शेपटीवरून, छोटा बगळा काळी चोच व पिवळी बोटे यांवरून आणि चिमणीचा नर गळ्याखालील काळ्या डागावरून ओळखावा. तांबट हिरवा असल्याने पानांत दिसत नाही. त्याची ओळख प्रथम कानांनीच होते.

निरीक्षणास सकाळची व सायंकाळची वेळ योग्य असते. ऑक्टोबर ते मार्च या काळात स्थलांतरित पक्ष्यांची भर पडते, तर पावसाळ्याच्या आरंभी आफ्रिकेतून येणारा चातक व सह्याद्रीकडे जाणारा नवरंग दिसण्याची शक्यता असते. नवरंग क्वचित थकून शहरातील अंगणातही उतरतो. आठपट प्रतिमा दाखविणारी व पुढील भिंगाचा व्यास ४० मिमी. असलेली दुर्बीण बहुतेक कामांस पुरते. वस्त्रे मंद रंगाची असावीत व हालचाल सावकाश करावी. घरट्याजवळ जाणे, पिलांचे छायाचित्र घेण्यासाठी फांद्या तोडणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज वारंवार वाजवून पक्ष्यास बोलावणे यांमुळे त्याच्या विणीत व्यत्यय येतो. म्हणून ते टाळावे.

नोंदवहीत दिनांक, वेळ, स्थळ, हवामान, जात व संख्या लिहावी. खात्री नसल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. पक्षी समोर असतानाच त्याचे रेखाचित्र काढावे. पुस्तक पाहिल्यानंतर केलेले वर्णन नकळत पुस्तकासारखे होते. ‘कावळे पुष्कळ’ असे लिहिण्यापेक्षा ‘कावळे ४०’ असे लिहिणे केव्हाही श्रेयस्कर.

मराठीतील लेखन व संघटना : इंग्रजी नावांच्या आधाराने चाललेल्या या विद्येस मराठीत आणण्याचे मोठे श्रेय मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांस जाते. वनखात्यातील सेवेच्या काळात त्यांनी आदिवासींकडून व रानातील जाणकारांकडून पक्ष्यांची नावे व माहिती मिळविली. पक्षी जाय दिगंतरा हे पुस्तक व पक्षिकोश हा संदर्भग्रंथ यांतून त्यांनी हे भांडार वाचकांपुढे ठेवले. एकाच पक्ष्यास प्रदेशपरत्वे निरनिराळी नावे असतात, उदा., भारद्वाजास कोठे कुंभारकावळा, तर कोठे सोनकावळा म्हणतात. अशा नावांचा संग्रह भाषेच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. सतीश पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांचा पश्चिम घाट, कोकण व मलबार येथील पक्ष्यांविषयीचा सचित्र ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८१ मध्ये लोणावळे येथे पहिले पक्षिमित्र संमेलन भरले व त्यातून राज्यभरच्या निरीक्षकांची संघटना वाढत गेली. कर्नाळा (१९६८) व नांदूर-मधमेश्वर (१९८६) ही पक्षी अभयारण्ये प्रसिद्ध आहेत. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी होय.

सामान्य पक्ष्यांच्या नोंदींचे महत्त्व : साइक्सच्या काळात दख्खनच्या माळांवर माळढोक सर्रास आढळे. त्याच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित करावे लागले, तरीही महाराष्ट्रातून तो आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. गावाबाहेर मेलेल्या जनावरांवर हटकून दिसणारी गिधाडे १९९० नंतर अल्पावधीत घटली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून पोटात जाऊन ती मूत्रपिंडे निकामी झाल्याने मरतात, असे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडांची पूर्वी केलेली गणना हाती होती, म्हणूनच घट किती व किती वेगाने झाली हे दाखविता आले.

चिमणीच्या बाबतीत असा आधार तोकडा आहे. ती वाड्यावाड्यांत होती, तेव्हा तिची मोजदाद करण्याची गरज वाटली नाही. ती दिसेनाशी झाल्यावर तुलनेसाठी बव्हंशी वडीलधाऱ्यांच्या आठवणीच उरल्या. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या, भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२० च्या अहवालानुसार चिमणीची संख्या देशभरात साधारणतः स्थिर असून मुंबईसह सहा महानगरांत मात्र ती घटली आहे. सर्वत्र चिमणी संपत चालल्याचा समज आणि काहीच घडले नसल्याचा दावा हे दोन्ही या नोंदींनी बाजूला सारले.

२०१३ पासून भारतात दर फेब्रुवारीत अंगणातील पक्ष्यांची गणना केली जाते. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा व १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिन. या दोन दिनांकांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. साइक्सची यादी तयार होण्यास राज्यसत्तेचे पाठबळ व बंदूक लागली होती. आज नारायण पेठेतील गच्चीवरून किंवा नदीवरील पुलावरून कोणाही नागरिकास तिच्यात भर घालता येते. आज नेहमीचे म्हणून दुर्लक्षिले जाणारे पक्षी उद्या किती राहतील, हे ताडून पाहण्यास अशा दिनांकित व खऱ्या नोंदींवाचून अन्य साधन नाही.